बेटाचे धनी

स्कॉटलंडच्या पश्चिम समुद्रांत एग नांवाचें चिमुकलें बेट आहे. लाव्हारसापासून बनलेला, ३९३ मीटर उंचीचा स्गुर कडा ही त्याची दुरून दिसणारी खूण. पिढ्यान् पिढ्या हें बेट एकेका जमीनदाराच्या मालकीचें असे. उद्यां आपलें घर राहील कीं नाहीं, हें रहिवाशांस ठाऊक नसे. अखेर १९९७ सालीं लोकवर्गणी जमवून त्यांच्या विश्वस्त संस्थेनें तें विकत घेतलें. तेव्हां वस्ती जेमतेम पासष्टांच्या घरांत होती. पुढें ती शंभरावर गेली. २००८ पासून पाणी, वारा व ऊन यांपासून बेट स्वतःची वीज निर्माण करूं लागलें. मात्र एका घरानें एका वेळीं ५ किलोवॉटपेक्षां अधिक वीज घ्यावयाची नाहीं, असा नेम ठरला. मालकीबरोबर मर्यादाही आपलीच मानणें, हेंच या बेटाचें खरें वैभव होय.