दोष कुठे आहे, ते आधी पाहा

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात रिद्धपूर येथे एका शिक्षकाने केलेले भाषण)



शिक्षणावर मोठी भाषणे आपण नेहमीच ऐकता. मी आज एका लहानशा विषयावर बोलणार आहे. संगणकाचा कीबोर्ड किंवा माऊस बंद पडला तर काय करावे, एवढाच माझा विषय आहे. विषय लहान असला तरी त्यापायी माझ्या हातून एका विद्यार्थिनीवर अन्याय झाला. म्हणूनच तो निवडला आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल तिच्या कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. पुढची प्रणाली जुन्या यंत्रांपैकी पुष्कळांवर चढत नाही. अशी यंत्रे भंगारात देण्यापेक्षा त्यांवर लिनक्स घालणे आपल्यासारख्यांना परवडते. लिनक्सचा पाया फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली घातला. ती विनामूल्य मिळते. केरळ राज्यातील सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून अशाच मुक्त प्रणालीवर शिकवीत आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.ने 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमातून लिनक्सचे पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत. अडचण एवढीच, की आपल्या गावाकडे लिनक्स जाणणारा कारागीर सहसा सापडत नाही. तेव्हा थोडे आपणच शिकले पाहिजे.

आता घडलेली गोष्ट सांगतो. एका सकाळी नववीतील एक मुलगी मला म्हणाली, "सर, संगणक पासवर्ड घेत नाही." मी स्वतः पासवर्ड टाकून पाहिला. तोही नाकारला गेला. मी सर्व वर्गासमोर तिला म्हणालो, "तूच काहीतरी दाबून कीबोर्ड बिघडवलास." ती काही बोलली नाही, पण त्यानंतर ती संगणकाच्या तासाला येईनाशी झाली. कारागीर बोलावला. तो म्हणाला, सगळे पुसून नव्याने भरावे लागेल. त्या यंत्रात मुलांचे वर्षभराचे प्रकल्प होते, म्हणून मी एक दिवस थांबण्यास सांगितले.

त्या संध्याकाळी मी तो कीबोर्ड काढून शेजारच्या यंत्राला लावला. तेथे तो उत्तम चालला. शेजारचा चांगला कीबोर्ड या यंत्राला लावला, तर पासवर्ड पुन्हा नाकारला गेला. म्हणजे कीबोर्ड निर्दोष होता! मग पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे लक्ष गेले. तेथे भाषेची खूण उर्दूची होती. आदल्या सायंकाळी मीच संस्थेची एक सूचना उर्दूत टाइप केली होती, भाषा परत बदलली नव्हती आणि यंत्र रात्रभर तसेच चालू ठेवले होते. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे अक्षरे उर्दूत पडत आहेत हे कुणालाच कळले नाही.

मित्रहो, यामागचे तत्त्व समजून घ्या. कीबोर्ड अक्षर पाठवीत नाही. कोणती कळ दाबली, त्या कळीचा क्रमांक तेवढा पाठवतो. त्या क्रमांकाचे इंग्रजी अक्षर करायचे, मराठी की उर्दू, हे संगणक ठरवतो. आपल्या मुलांना तिन्ही भाषा लागतात, म्हणून ही चूक आपल्याकडे वारंवार होणार. पुष्कळ लिनक्स यंत्रांत विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि स्पेस बार एकत्र दाबले की भाषा बदलते.

आता क्रमाने तपासणी कशी करावी ते सांगतो.

पहिली तपासणी वायरची. पूर्वी कीबोर्डला जांभळे आणि माऊसला हिरवे असे गोल तोंड असे. १९९६ साली यू.एस.बी. आली. ती घडवणाऱ्यांत बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे प्रमुख होते. साध्या यू.एस.बी. वायरीत चार तारा असतात : दोन विजेच्या, दोन निरोपाच्या. वीज पाच व्होल्टची असते. माऊसखालचा दिवा लागला म्हणजे वीज पोहोचली. निरोप पोहोचलाच असे मात्र नाही. वायर काढून संगणकाच्या मागच्या बाजूस थेट लावा. पुढची भोके आतल्या आणखी एका वायरीने जोडलेली असतात, आणि तीही सैल होते. माऊस काचेवर ठेवू नका, खालचे भिंग कोरड्या कापडाने पुसा. बिनवायरचा असेल तर आधी सेल बदला.

दुसरी तपासणी अदलाबदलीची. ती वर सांगितलीच. तिला पैसा लागत नाही.

तिसरी तपासणी लिनक्स सुरू होण्यापूर्वीची. यंत्र सुरू होताना बहुधा डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबली की यंत्राची स्वतःची मांडणी दिसते. तेथे बाणाच्या कळा चालल्या, तर कीबोर्ड, वायर व भोक ठीक आहेत, आणि दोष पुढे लिनक्समध्ये शोधावा. तेथेही चालल्या नाहीत, तर लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही.

चौथी तपासणी लिनक्सलाच विचारण्याची. माऊस बंद असला तरी कंट्रोल, आल्ट आणि टी या तीन कळांनी अनेक यंत्रांवर टर्मिनल उघडते. तेथे एल, एस, यू, एस, बी ही पाच इंग्रजी अक्षरे लहान लिपीत सलग लिहून एंटर दाबा. जोडलेल्या वस्तूंची यादी येईल. माऊस काढून एकदा आणि लावून एकदा यादी पाहा. एक ओळ वाढली तर लिनक्सने माऊस ओळखला आहे. वाढली नाही, तर पुन्हा वायरीकडे वळा. उलट कीबोर्डच बंद असेल, तर सेटिंग्जमधील सुलभतेच्या विभागातून पडद्यावरचा कीबोर्ड चालू करून माऊसने लिहिता येते.

पाचवी तपासणी सेटिंग्जची. सुलभतेच्या त्याच विभागात 'स्लो कीज' चालू असेल, तर कळ बराच वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटत नाही, आणि चांगला कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. माऊस थोडा वेळ न हलवल्यास झोपी जात असेल, तर वीज वाचवणारे एखादे साधन त्याची वीज तोडत असावे. ते बंद करून पाहा.

एवढे झाल्याशिवाय 'सगळे पुसून नव्याने भरा' हा सल्ला मानू नका. आणि तशी वेळ आलीच, तर मुलांचे काम आधी दुसरीकडे उतरवून ठेवा.

याच रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. ज्यांनी पाहिले, ऐकले, त्यांना गाठून, विचारून मग त्यांनी लिहिले. अशा गावात शिक्षकाने न विचारता, न तपासता निकाल द्यावा, ही मला लाज वाटण्यासारखी गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेलो, तिच्या वडिलांसमोर चूक कबूल केली. आणि जेथे बोललो होतो त्या वर्गासमोरही माफी मागितली. आठवड्याभराने ती तासाला परत आली. आता भाषा बदलणाऱ्याने ती परत इंग्रजी केल्याशिवाय उठायचे नाही, असा नियम मुलांनी केला आहे. तो मलाही लागू आहे.

पालकांना माझी विनंती आहे : घरातले यंत्र अडले तर "तू काय केलेस?" असे मुलाला दरडावू नका. "चल, पाहू या" असे म्हणा. यंत्र दोन दिवसांनी दुरुस्त होईल. पण भीतीने मागे सरलेला मुलाचा हात पुन्हा कीबोर्डवर यायला फार दिवस लागतात. त्यातही मुलीचा हात एकदा मागे गेला, की तो पुढे आणण्याची घाई घरात कुणालाच नसते, हे आपण सर्व जाणतो.

विद्यार्थी मित्रांनो, तपासणी करताना वही जवळ ठेवा. काय केले, काय झाले, ते लिहा. हीच विज्ञानाची पहिली पायरी आहे.