मणका व सांध्यांतील बुरशीजन्य संसर्ग : निदानाची दिशा



दीर्घकाळची पाठदुखी आणि एमआरआयमध्ये पोखरलेला मणका दिसला की आपल्याकडे प्रथम क्षयाचा संशय येतो, आणि तो रास्तही असतो. परंतु कँडिडा, अ‍ॅस्परजिलस यांसारख्या बुरशीही हेच चित्र निर्माण करतात. मधुमेही, अवयव-प्रत्यारोपण झालेले व दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे रुग्ण यांना हा धोका अधिक. अमेरिकेत २०१२ साली बुरशीने दूषित झालेल्या स्टेरॉइड इंजेक्शनांमुळे ७५०हून अधिक रुग्णांना मेंदूच्या आवरणाचा, मणक्याचा वा सांध्याचा संसर्ग झाला. ६०हून अधिक दगावले.

क्षयाची औषधे बुरशीवर निरुपयोगी ठरतात. म्हणून शक्य तेथे औषधापूर्वी मणक्यातील ऊतीचा अथवा सांध्यातील द्रवाचा नमुना सुईने घ्यावा. ऊतीचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये सूक्ष्मदर्शक तपासणीस, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये जिवाणू, क्षय व बुरशी या तिन्हींच्या कल्चरसाठी पाठवावा. फॉर्मॅलिनमधील नमुन्यात बुरशी वाढत नाही. अन्यत्रही ती सावकाश वाढू शकते. कल्चर चार आठवडे राखावे लागते.

क्षय नाकारावा असे आम्ही म्हणत नाही. तो पुराव्याने ठरवावा, एवढेच आमचे आग्रहाचे सांगणे आहे. वेळीच झालेले निदान रुग्णाला स्वतःच्या पायांवर उभे ठेवू शकते.