एसी सुरू होत नाहीं तेव्हां

श्रोतेहो, भर वैशाखांत भिंतीवरचा एसी सुरूच झाला नाहीं, तर घरांतील वृद्ध व बालकें कासावीस होतात. तथापि घाई करूं नये. प्रथम रिमोटच्या बॅटऱ्या बदलाव्या. गुण न आल्यास बहुतेक यंत्रांत पुढील झाकणाखालीं असणारी कळ दाबावी; तिनें एसी चालला, तर दोष बहुधा रिमोटचाच. न चालल्यास एमसीबी पाहावा. तो पडला असेल, तर एकदांच वर करावा व सुमारें ३ मिनिटें थांबावें. कारण कॉम्प्रेसर मुद्दामच उशिरां सुरू होतो. एमसीबी पुन्हां पडल्यास मात्र हट्ट धरूं नये. त्याचें पडणें हा धोक्याचा इशारा होय. बाहेरचें युनिट तर स्वतः उघडूंच नये. वीज तोडल्यावरही त्यांतील कपॅसिटरमध्यें प्राणावर बेतणारा भार राहूं शकतो. तें काम जाणत्या कारागिराचें.