शाळेची बस, चालक आणि आपण आजी-आजोबा

(ज्येष्ठ सभासदांच्या मासिक मेळाव्यात मंदिराच्या सभामंडपात झालेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. – संपादक)



डॉक्टर बोलायला उभा राहिला की रक्तदाब, गुडघे नाहीतर मोतीबिंदू, हे तुम्ही धरूनच चाललेले असता. आज विषय जरा वेगळा आहे. मोतीबिंदू त्यातही येणार आहे, काळजी नसावी. सकाळी नातवंडाचं दप्तर खांद्याला लावून कोपऱ्यावर शाळेच्या गाडीची वाट पाहत कोण उभं असतं? सूनबाई डब्यांच्या घाईत, मुलगा कामावर निघालेला. तिथे आपणच असतो. त्या दिवशी गाडीचा चालक कसा आहे, डोळे लाल आहेत का, बोलणं नेहमीसारखं आहे का, हे आरटीओच्या आणि मुख्याध्यापकांच्या आधी आपल्याला दिसतं. म्हणून हा विषय आपल्या मेळाव्यात घेतला.

मी काही वर्षं अबू धाबी अमिरातीत रुवैसला डॉक्टर म्हणून काम केलं. तुमच्यापैकी ज्यांची मुलं आखातात आहेत त्यांना हे नाव माहीत असेल. अबू धाबी शहराच्या पश्चिमेला सुमारे २४० किलोमीटरवर, समुद्रकाठी, तेल शुद्धीकरणासाठी वसवलेलं गाव. वसाहत नीटनेटकी, झाडं लावलेली. बाहेर पडलं की वाळवंट आणि सौदीच्या सीमेकडे जाणारा महामार्ग, त्यावर मालट्रकांची रांग. हिवाळ्यात पहाटे असं धुकं पडतं की समोरचं वाहन दिसत नाही. अमिरातीत अशा वेळी महामार्गावरची वेगमर्यादा ताशी ८० वर आणतात आणि फलकांवर तसं झळकवतात. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर. अशा ठिकाणी मुलांची बस चालवणं ही मोठी जबाबदारी आहे, आणि तिथल्या सरकारने ती तशी मानली आहे.

तिथे शाळेच्या बससाठी मोठ्या बसचा परवाना असून भागत नाही. चालकाला शालेय वाहतुकीचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि वाहतूक खात्याची वेगळी परवानगी लागते. लहान मुलांच्या बसमध्ये एक पर्यवेक्षिका हवीच. तिकडची आपली मुलं तिला ‘बस नॅनी’ म्हणतात. तिलाही प्रशिक्षण असतं. बस थांबली आणि बाजूचा ‘थांबा’ हा फलक उघडला की मागच्या-पुढच्या गाड्यांनी किमान पाच मीटर अंतरावर थांबायचं. न थांबणाऱ्याला १,००० दिरहम दंड आणि परवान्यावर १० काळे गुण. चालकाने तो फलक उघडलाच नाही तर त्याला ५०० दिरहम आणि ६ गुण. दंड दोघांनाही आहे, हे मला आवडलं.

हे सगळं सुखासुखी आलं असं समजू नका. ऑक्टोबर २०१४ मध्ये अबू धाबी शहरात एक भारतीय मुलगी, बालवाडीतली, बसमध्ये झोपली. शाळा आली, बाकीची मुलं उतरली, बस उभी करून दार लावलं गेलं. दुपारी दार उघडलं तेव्हा ती गेलेली होती. चालक आणि पर्यवेक्षिका यांच्यासह जबाबदार मंडळींना न्यायालयाने दोषी ठरवलं. त्यानंतर नियम अधिक कडक झाले, तरी जून २०१९ मध्ये दुबईत सहा वर्षांचा एक भारतीय मुलगा तसाच बसमध्ये राहून गेला. डॉक्टर म्हणून एवढं सांगतो की बंद गाडीत लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या तिपटी-चौपटीने लवकर तापतं. काचा बंद असतील तर दहा मिनिटांतच आतली हवा असह्य होते. यावर उपाय किती साधा आहे बघा. चालकाने शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचं, वाकून बाकांखाली बघायचं, मग उतरायचं. काही बसमध्ये अगदी मागे एक बटण बसवलेलं असतं. चालकाने मागे जाऊन ते दाबलं नाही तर भोंगा वाजत राहतो. परवाना देताना गाडी वळवणं, मागे घेणं, उतारावर थांबवणं सगळं तपासतात. मागे चालत जाण्याची सवय प्रशिक्षणातूनच लागते.

आता आपल्या इकडे येऊ. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वजिराबादजवळ शाळेची बस यमुनेत पडली आणि पंचवीसहून अधिक मुलं दगावली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसबद्दल आदेश दिले. चालकाला जड वाहन चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा, वेगासाठी किंवा दारू पिऊन चालवल्याबद्दल एकदाही दंड झालेला माणूस नको, बसमध्ये प्रशिक्षित मदतनीस हवा. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्कूल बसचे स्वतंत्र नियम केले. प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी असं त्यात आहे. मुख्याध्यापक, पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचा निरीक्षक अशी मंडळी त्या समितीत बसतात. म्हणजे कागदावर आपण रुवैसच्या फार मागे नाही. तुमच्या नातवंडाच्या शाळेत ही समिती शेवटची कधी बसली, एवढं जरूर विचारा.

आणि परवाना काय सांगतो? व्यावसायिक वाहनाच्या परवान्याला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. पाच वर्षांत माणसाला मधुमेह होतो. मोतीबिंदू होतो, आणि मोतीबिंदू असलेल्याला समोरून दिवा पडला की पुढचं दिसेनासं होतं. घोरणाऱ्या जाड माणसाची रात्री झोप होत नाही आणि तो दिवसा पेंगतो. इन्सुलिन घेऊन उपाशी गाडीवर बसलेल्याची साखर उतरली तर दोन मिनिटं त्याला आपण कुठे आहोत ते कळत नाही. त्या दिवशीचा डॉक्टरचा शिक्का खरा असतो (न तपासता मारलेल्या शिक्क्यांबद्दल मी इथे बोलत नाही, त्यासाठी मंदिराची जागा योग्य नव्हे). पण आज सकाळी साडेसहाला हा माणूस ठीक आहे का, हे शिक्का सांगू शकत नाही.

दारूचं सगळ्यांना कळतं. आपल्या कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अमिरातीत मार्च २०२५ पासून नवा वाहतूक कायदा आला. दारू पिऊन चालवल्यास दंडच २० हजार दिरहमपासून सुरू होतो, अंमली पदार्थ घेतला असेल तर ३० हजारांपासून. तरीही केवळ दंडाने काम होत नाही. एप्रिल २०२४ मध्ये हरियाणात महेंद्रगड जिल्ह्यात शाळेची बस उलटून सहा मुलं गेली. ईदची सुट्टी असताना शाळा भरवली होती आणि चालक प्यायलेला होता. वाटेत एका गावातल्या लोकांना ते कळलं होतं, त्यांनी गाडीची किल्ली काढूनही घेतली होती, आणि शाळेशी बोलणं झाल्यावर ती परत दिली, असं बातम्यांत आलं होतं. ती किल्ली खिशात ठेवणारा एक आजोबा तिथे हवा होता, असं मला सारखं वाटतं.

दारूपेक्षा मला झोपेची भीती जास्त वाटते. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात संशोधकांनी तपासून पाहिलं. सतरा तास सलग जागलेल्या माणसाचा हात आणि नजर, रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते. आपली कायदेशीर मर्यादा ३० आहे! लग्नसराईत रात्रभर वऱ्हाडाची गाडी चालवून तोच माणूस सकाळी मुलं घ्यायला येतो. पोलिसांच्या फुंकर मारायच्या यंत्रात तो शुद्ध निघेल.

तिसरी गोष्ट गोळ्यांची, आणि इथे आपल्यालाही थोडं ऐकावं लागेल. ‘काका, सर्दी झालीय का, ही घ्या गोळी’ असं म्हणून आपण आपल्या डब्यातली गोळी चालकाला देतो. सर्दी-खाजेच्या कितीतरी गोळ्यांनी गुंगी येते. झोपेसाठी तुम्हाला दिलेली अल्प्राझोलम तर कुणालाच देऊ नये. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉल हीदेखील मेंदूवर काम करणारी औषधं आहेत. मुलांकडे आखातात जाणाऱ्यांनी ही औषधं तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या परवानगीशिवाय बरोबर नेऊ नयेत. आणि हो, खसखस. अमिरातीत तिला बंदी आहे. दिवाळीला लेकीसाठी नेलेल्या अनारशांवर खसखस असेल तर विमानतळावर अडचण होऊ शकते. अनारसे इथेच खा, तिकडे लाडू न्या.

खसखशीचा आपल्या विषयाशी आणखी एक संबंध आहे. अमेरिकेत १९९१ च्या कायद्यानंतर शाळेच्या बसचालकांची अंमली पदार्थांसाठी तपासणी होते; नोकरीवर घेण्याआधी, अपघातानंतर, आणि अधूनमधून चिठ्ठी काढावी तशी कुणाचीही, आधी न सांगता. तिथे लघवीत अफूचा अंश सापडलेले काही जण प्रत्यक्षात खसखस लावलेला पाव खाल्लेले निघत. म्हणून १९९८ मध्ये मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमची मर्यादा वाढवून २,००० केली. मी हे मुद्दाम सांगतो. आपल्याकडेही चालकांच्या अशा तपासण्या वाढाव्यात असं मला वाटतं, पण एका पट्टीवर रेघ उमटली म्हणून गरिबाची नोकरी घालवू नये. पहिली चाचणी नुसता संशय सांगते. नक्की काय आहे ते प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या चाचणीनेच ठरवावं, आणि त्या माणसाला कोणती औषधं चालू आहेत हे डॉक्टरने त्याला आधी विचारावं. गांजाचा अंश तर शेवटच्या झुरक्यानंतरही कित्येक दिवस लघवीत राहतो. त्यावरून आज तो नशेत आहे असं म्हणता येत नाही. त्याला बसपासून दूर ठेवा, उपचारांना पाठवा, चोर ठरवू नका.

आता मूळ अडचणीकडे येतो. चालक तापाने फणफणला आहे, रात्री झोपलेला नाही, हे त्याला स्वतःला कळतंच. मग तो का येतो? कारण तो नाही आला तर त्या दिवसाचे पैसे नाहीत, आणि दोनदा असं झालं तर शाळा दुसऱ्याला ठेवते. ‘आज मला जमणार नाही’ हे म्हणणं त्याला परवडत नाही. आपण त्याला कितीही नियम शिकवले तरी जोवर हे वाक्य त्याला महाग पडतं, तोवर तो येणारच. बाकीचं काम सरकारचं आणि शाळेचं आहे. हे एक मात्र आपल्या ट्रस्टला करता येण्यासारखं आहे, म्हणून मी विश्वस्तांपुढे मांडलं आणि त्यांनी ते मान्य केलं.

आपल्या भागातल्या शाळांची मुलं नेणाऱ्या बस आणि व्हॅनच्या चालकांसाठी ट्रस्ट एक निधी सुरू करत आहे. चालकाने सकाळी ‘आज ठीक नाही’ असं कळवलं तर त्याच्या त्या दिवसाची मजुरी निधीतून मिळेल. कारण विचारलं जाणार नाही, नाव फळ्यावर लागणार नाही. बदली चालक शाळेने द्यायचा आहे. दोन शाळांनी त्याला होकार दिला आहे, बाकीच्यांशी बोलणं चालू आहे. ज्यांच्या घरात कुणी एसटीचा किंवा कंपनीचा निवृत्त चालक आहे आणि ज्याचा परवाना व बिल्ला चालू आहे, त्यांनी बदलीसाठी त्याचं नाव कार्यालयात द्यावं. वय झालेलं असलं तर तपासणी मी स्वतः करीन, आणि नापास करायला मला संकोच वाटणार नाही.

दुसरं, चालकांचं आरोग्य शिबिर. नजर, मोतीबिंदू, रक्तदाब, साखर आणि झोपेची विचारपूस. चष्मे निधीतून दिले जातील. मोतीबिंदू निघाला तर शस्त्रक्रियेचा खर्चही ट्रस्ट पाहील. तपासणीचा अहवाल चालकाच्या हातात दिला जाईल, शाळेला परस्पर पाठवला जाणार नाही. नाहीतर कुणी येणारच नाही. देणगी कार्यालयात पावती घेऊनच द्यावी. परदेशातल्या मुलांनी देणगी द्यायची असेल तर आधी कार्यालयात चौकशी करावी, कारण परदेशी पैशाचे नियम वेगळे आहेत. आखातातल्यांनी तिकडे मित्रांकडून वर्गणी मुळीच गोळा करू नये. परवानगीशिवाय देणग्या मागणं तिथे गुन्हा आहे.

शिबिर रविवारी काकड आरतीनंतर याच मंडपात होईल. उद्या सकाळी कोपऱ्यावर व्हॅनवाले काका भेटले की त्यांना तुम्हीच सांगा, आमंत्रण तुमच्याकडून गेलं तर ते येतील. उपाशीपोटी यायला सांगा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र नेहमीप्रमाणे न्याहारी करून यावं. चालू असलेल्या औषधांच्या पट्ट्या आणि जुना चष्मा बरोबर आणावा.