मुक्कामाचे पैसे वाचवू नका



गाडीने लांबच्या प्रवासाला निघायचं म्हटलं की घराघरात एक प्रश्न येतोच: खर्च किती येईल? आणि त्याच्या मागोमाग दुसरा: कुठे कमी करता येईल? फौजेत माझी बत्तीस वर्षं गेली, त्यातला बराच काळ गाड्यांच्या ताफ्यांबरोबर. निवृत्तीनंतर आम्ही नवरा-बायको, आणि सुट्टी मिळाली तर मुलगी, आमच्याच गाडीने हिंडतो. पेन्शनीवर हिंडायचं तर हिशेब ठेवावाच लागतो. तो हिशेब आज तुमच्यासमोर मांडतो. शेवटी एक चूकही सांगणार आहे. ती माझीच आहे.

हवेत बोलण्यापेक्षा एक खरा प्रवास घेऊ. पुणे ते तंजावर. तिथल्या बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत दगडावर कोरलेला आहे. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ साली तो कोरवून घेतला. तमिळ मुलखात, चोळांच्या देवळात, आपली भाषा दगडावर वाचायची, एवढ्यासाठी आम्ही निघालो. जाऊन-येऊन साधारण २,५०० किलोमीटर, आणि तिथलं फिरणं धरून २,८००.

पहिला खर्च इंधनाचा. आमची गाडी पेट्रोलवर चालते. वेग ऐंशीच्या आसपास ठेवला तर लीटरला अठरा किलोमीटर देते. शंभरच्या पुढे पळवली की पंधरावर येते. कारण सोपं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऐंशीऐवजी शंभराने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो, आणि तो तोडायला इंजिन पेट्रोल पितं. २,८०० किलोमीटरला अठराच्या हिशेबाने १५६ लीटर लागतं, पंधराच्या हिशेबाने १८७. फरक ३१ लीटरचा. शंभर रुपये लीटर धरा, तीन हजार शंभर रुपये झाले. साध्या लॉजवरचे दोन मुक्काम एवढ्यात होतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टपावर कॅरियर लावून बॅगा बांधल्या तरी हवेचा विरोध वाढतो. सामान डिकीत मावेल एवढंच घ्या. टायरमधली हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. हवा कमी असेल तर पेट्रोल जास्त जातं, टायर तापतो, आणि सिमेंटच्या रस्त्यावर फुटण्याची भीती असते. फौजेत रोज गाडीच्या तीन परेड होतात: निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत थांब्यावर हॉल्ट परेड, मुक्कामाला पोचल्यावर लास्ट परेड. हवा, ऑइल, कूलंट, ब्रेक, दिवे, गाडीखाली काही गळतंय का, एवढं बघायला दहा मिनिटं पुरतात. शंभर रुपयांचा पाइप वेळेवर बदलला तर इंजिन वाचतं.

पेट्रोल अजून जीएसटीत नाही. प्रत्येक राज्य आपापला कर लावतं, म्हणून सीमा ओलांडली की भाव बदलतो. उत्तर प्रदेशातून मध्य प्रदेशात शिरणाऱ्याने आणि गुजरातेतून महाराष्ट्रात येणाऱ्याने सीमेच्या अलीकडेच टाकी भरावी. गेली काही वर्षं हा फरक लीटरमागे आठ-दहा रुपयांपर्यंत राहिला आहे. चाळीस लीटरच्या टाकीला तीन-चारशे रुपये सुटतात. दोन्हीकडचा त्या दिवसाचा भाव मोबाइलवर दिसतो. मात्र तेवढ्यासाठी वीस किलोमीटर वाकडी वाट करू नका.

दुसरा खर्च टोलचा. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी फास्टॅगचा वार्षिक पास निघाला आहे. सुरू झाला तेव्हा किंमत ३,००० रुपये, आणि मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. साध्या टोलनाक्यावर एक नाका ओलांडला की एक फेरी मोजतात. तुमच्या वाटेवरच्या नाक्यांचे दर आधी बेरीज करून बघा. वर्षात असे दोन लांबचे प्रवास होणार असतील तर पास घ्या. पण तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती किंवा समृद्धी महामार्ग राज्याचे आहेत, तिथे नेहमीप्रमाणे टोल कापला जातो. म्हणून पास असला तरी फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट भरावे लागतात. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ हा नंबर लावा. रुग्णवाहिका, क्रेन, गस्तीची गाडी यांची मदत तिथून मिळते.

काही ठिकाणी पैसे दिले की पैसे वाचतात. बेंगळुरू ओलांडताना तुमकूर रस्त्यावरून होसूर रस्त्याला जायला नाइस रोड आहे. त्याचा टोल वेगळा आणि चांगलाच आहे. पण तो वाचवायला शहरात शिरलात तर दोन तास आणि तेवढंच पेट्रोल सिग्नलवर जळतं.

तिसरा खर्च खाण्यापिण्याचा. इथे पैसे पाण्यात जातात, अगदी शब्दशः. चार माणसं, दिवसाला आठ बाटल्या, वीस रुपयांची एक, म्हणजे रोजचे १६० रुपये. आठ दिवसांत जवळजवळ तेराशे. घरून वीस लीटरचा कॅन घ्या आणि मुक्कामाच्या ठिकाणी भरून घेत चला. चहाचा थर्मास, दशम्या, शेंगदाण्याची चटणी पहिल्या दिवशी पुरते. पुढे कर्नाटकात खानावळीत ज्वारीची भाकरी आणि एणगाई मिळते, तमिळनाडूत केळीच्या पानावर पोटभर मील्स मिळतं. जिथे एसटी आणि ट्रकवाले थांबतात, जिथे ताटं पटापट उठतात, तिथे अन्न ताजं असतं.

आता चौथा खर्च, मुक्कामाचा. बहुतेक लोक कात्री इथेच लावतात. "रात्रभर गाडी हाणू, एक लॉज वाचेल." मीही लावली होती.

२००३ सालचा मे महिना. माझं पोस्टिंग झाशीला होतं. सुट्टी मिळाली, जुनी छोटी गाडी घेऊन आम्ही पुण्याला निघालो. बायको, मी आणि सात वर्षांची मुलगी. सकाळी सहाला निघालो. शिवपुरी, गुणा करत इंदूरला पोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. मुक्काम इंदूरला ठरला होता. लॉजवाल्याने पाचशे रुपये सांगितले. मी मनात हिशेब केला. आता निघालो तर सकाळी नाशकात असू, पाचशे वाचतील आणि सुट्टीचा एक दिवसही. बायको म्हणाली, "थांबू या, तुमचे डोळे लाल झालेत." मी म्हणालो, "मला सवय आहे." जेवलो आणि नऊ वाजता निघालो.

रस्ता तेव्हा दुपदरी, समोरून ट्रकांची रांग. सेंधवा गेलं, बिजासनचा घाट उतरलो, शिरपूर मागे पडलं. धुळ्याच्या अलीकडे, साडेतीनच्या सुमारास, मला झोप लागली. लागली हे मला कळलंच नाही. कळलं ते आवाजाने. गाडी रस्ता सोडून खड्ड्यात उतरली होती आणि बाभळीला अडली होती. बायकोचं मनगट मोडलं. मागच्या सीटवर झोपलेली मुलगी खाली पडली होती. तिला खरचटलं एवढंच. गाडी डावीकडे गेली म्हणून हे बोलायला मी आहे. उजवीकडे ट्रक होते.

एक ट्रकवाला थांबला. दोर लावून त्याने गाडी ओढून काढली. मग मला विचारलं, "कितने घंटे से चला रहे हो?"

मी म्हणालो, "बारह."

एकवीस तास झाले होते. मी खोटं बोललो. हाच प्रश्न मी ताफ्यातल्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारत असे. नियम मीच वाचून दाखवत असे: ठरल्या वेळी थांबा, को-ड्रायव्हर जागा, झोप झाल्याशिवाय स्टिअरिंगला हात नाही. एखादा जवान खोटं बोलला असता तर मी त्याला सोडला नसता.

गाडीची दुरुस्ती, दवाखाना, धुळ्यात तीन रात्री, सगळे मिळून साडेअकरा हजार झाले. त्या पाचशेच्या बदल्यात. आणि एक गोष्ट हिशेबाच्या वहीत बसत नाही. त्या दिवसापासून माझी मुलगी चालत्या गाडीत झोपत नाही. ती मागे बसून आरशात माझे डोळे बघते.

म्हणून आता आमचं बजेट उलट्या बाजूने सुरू होतं. आधी मुक्काम लिहायचे, मग बाकीचं. दिवसाला साडेचारशे किलोमीटरहून जास्त नाही, दर दोन तासांनी थांबा, आणि दिवेलागणीच्या आत मुक्काम. तंजावरच्या वाटेवर पहिली रात्र हुबळीला, दुसरी होसूरला. बेंगळुरूपेक्षा होसूरला खोली स्वस्त पडते आणि शहरही मागे पडलेलं असतं. पोंगलच्या दिवसांत तमिळनाडूत खोल्या मिळत नाहीत, म्हणून आम्ही फेब्रुवारीत गेलो. आणि तिकडची देवळं दुपारी बंद असतात, तेव्हा धावतपळत दुपारी पोचून काही मिळत नाही. मुक्कामाचा पैसा कुठून आणायचा? मघाचे तीन हजार शंभर आठवा. हळू चालवून वाचवलेले पैसे झोपेवर खर्च करायचे. एवढंच माझं गणित आहे.

होसूरला आम्ही पाच वाजता पोचलो. ऊन होतं, रस्ता मोकळा होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून दोन तासांत सेलम येईल." गाडी मुलगी चालवत होती. तिने काही न बोलता गाडी लॉजच्या आवारात घेतली, किल्ली काढली आणि म्हणाली, "बाबा, बॅगा काढा."

मी बॅगा काढल्या.

पुढच्या प्रवासाचा हिशेब मांडाल तेव्हा पेट्रोलवर काटकसर करा, पाण्याच्या बाटल्यांवर करा. मुक्कामाच्या ओळीला हात लावू नका. सुखरूप जा, सुखरूप परत या. जय हिंद.