भातानंतरचा हिशेब

भिवंडी म्हटलं की यंत्रमागांची खडखड आणि गोदामांच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. पण याच तालुक्यातली भातखाचरं अजून जिवंत आहेत, आणि तिथला नफा बराचसा ठरतो तो पेरणीआधी, वाण निवडताना.

भाताचे वाण तीन प्रकारचे: लवकर तयार होणारे हळवे, मधल्या मुदतीचे निमगरवे आणि उशिरा येणारे गरवे. ‘कर्जत ३’ हे हळवं भात साधारण ११५ दिवसांत तयार होतं. गरव्याला त्याहून काही आठवडे जास्त लागतात. गरवं भात अनेकदा जास्त उतरतं, हे खरं. मात्र हळवं लवकर कापलं की जमिनीतली ओल हाती लागते. त्याच ओलीवर वाल किंवा हरभरा येतो. विहिरीला पाणी असेल तर भेंडी, काकडीही. कल्याण आणि वाशीचे बाजार जवळच आहेत. म्हणून नुसते भाताचे क्विंटल मोजू नयेत, एकरी वर्षाचा जमाखर्च मांडावा.

खर्चही आवरता येतो. भातलावणीच्या चारसूत्री पद्धतीत रोपांच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. त्यामुळे कोकणच्या धो-धो पावसातही खत फारसं वाहून जात नाही. काम मात्र लावणीच्याच दिवशी उरकायचं.