कावीळ, पित्तमार्ग आणि ‘गॅमा जीटी’ची रक्ततपासणी



लोणावळ्याचा पाऊस आपणांस ठाऊकच आहे. पिण्याच्या पाण्यात घाण मिसळली की कावीळ येते. ही कावीळ बहुधा हिपॅटायटिस ‘ए’ किंवा ‘ई’ विषाणूची असते व विश्रांतीने बरीचशी आपोआप ओसरते. (गरोदर स्त्रीला मात्र ‘ई’ जिवावर बेतू शकतो, तिला तात्काळ दवाखान्यात न्यावे.) आपोआप ओसरते म्हणूनच माळ घालणाऱ्याचे फावते! माळेच्या गाठी सैल पडतात, माळ लांबते, आणि कावीळ उतरली असे आपण समजतो.

पण प्रत्येक कावीळ अशी नसते. यकृतात तयार झालेले पित्त बारीक नळ्यांतून आतड्यात उतरते. त्या वाटेत खडा अडकला किंवा गाठ आली, तर पित्त तुंबते. डोळे पिवळे, लघवी गडद, शौचास मातकट-पांढरे आणि अंगाला खाज. ही कावीळ माळेने तर नाहीच, नुसत्या पथ्यानेही जात नाही. त्यात थंडी वाजून ताप आला तर एक दिवसही दवडू नये.

येथे रक्तातील एन्झाइमे उपयोगी पडतात. यकृताच्या पेशींना इजा झाली की एसजीपीटी फार वाढते. पित्त तुंबले की अल्कलाईन फॉस्फेटेज व गॅमा जीटी वाढतात. मग दोन तपासण्या कशाला? कारण अल्कलाईन फॉस्फेटेज हाडांतूनही येते. वाढत्या वयाच्या मुलांत ते मुळातच जास्त असते. गॅमा जीटी हाडांतून येत नाही. दोन्ही वाढलेली असतील तर बोट यकृत-पित्तमार्गाकडे जाते. पुढे सोनोग्राफी करून अडथळा शोधावा लागतो. तो कुठे आहे हे रक्त सांगत नाही.

आता जरा नाजूक विषय. दारूनेही गॅमा जीटी वाढते, म्हणून रिपोर्ट पाहताच घरात कुजबुज सुरू होते. ज्या बाईने थेंबही घेतला नाही तिच्याकडेही संशयाने पाहिले जाते. हा अन्याय आहे. पित्ताचा खडा, यकृतावरील चरबी, मधुमेह, फिट्सवरील फेनिटॉइनची गोळी, यांनीही हा आकडा वाढतो. उलट काही पिणाऱ्यांचा आकडा सरळ असतो. तेव्हा एका आकड्यावरून कुणाचे चारित्र्य ठरवू नका. चालू असलेल्या सर्व गोळ्या, झाडपाल्याचे औषधसुद्धा, डॉक्टरांना दाखवा.

ज्यांचा आकडा दारूमुळेच वाढला आहे त्यांनी ती सोडल्यास तो काही आठवड्यांत उतरू लागतो. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण प्रत्येक लॅबची सामान्य मर्यादा थोडी वेगळी असते. ती रिपोर्टवर आकड्याशेजारीच छापलेली असते.